पिकअप पाणी पिऊ लागते तेव्हा

मे महिन्याच्या दुपारी केळी भरलेली जुनी पिकअप चाळीसगाव सोडून कन्नड घाटाला लागली, की ड्रायव्हरचा एक डोळा रस्त्यावर आणि दुसरा गरमीच्या काट्यावर असतो. भीती रास्तच आहे. डिझेल जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने तिसरा हिस्साच कामी येतो. तेवढाच सायलेन्सरमधून निघून जातो आणि उरलेल्यातली बरीचशी उष्णता रेडिएटरला बाहेर टाकावी लागते. ती किती झपाट्याने जाईल, हे पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी 95 अंशांवर असेल, तर 25 अंशांच्या हवेत हा फरक 70 चा; जळगावच्या 45 अंशांत तो 50 वर येतो. म्हणजे तोच रेडिएटर सुमारे 28 टक्के दुबळा झाला. त्यात चढ, दुसरा गिअर आणि समोरचा वाराही नाही.

नव्या गाडीत एवढी तूट सोसायला जागा ठेवलेली असते. जुन्या गाडीत ती जागा क्षारांनी अडवलेली असते. कूलंट महाग म्हणून वर्षानुवर्षं वाटेत मिळेल ते बोअरचं पाणी ओतलं जातं, आणि गिझरच्या कॉइलवर बसतं तसं कॅल्शियम कार्बोनेटचं पुट नळ्यांत आणि ब्लॉकच्या आतल्या वाटांत बसतं. बिडापेक्षा हे पुट उष्णता वाहून न्यायला वीसेक पट मंद. यावर काही गॅरेजांत थर्मोस्टॅटच काढून टाकतात. हा उपाय मला पटत नाही: जानेवारीत धुळ्याचा पारा एक आकडी झाला की असं इंजिन धड तापतच नाही, डिझेल जास्त जळतं आणि झीजही वाढते.

खरा खर्च हेडपाशी सुरू होतो. अनेक इंजिनांत हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट वाढतं. 40 सेंटिमीटरचं हेड 100 अंशांनी जास्त तापलं, तर ते सुमारे 0.9 मिलिमीटर वाढू पाहतं. बोल्टांनी आवळलेलं असल्यामुळे त्याला पसरता येत नाही. ते वाकतं आणि गॅस्केट उडतं.

‘गाडी पानी पी ऱ्हायनी,’ असं मिस्त्री म्हणतो ते यानंतर. सायलेन्सरमधून पांढरी वाफ येते, रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसतात, कधी डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ होतं. (गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नये, दाब सुटताच पाणी उसळून अंगावर येतं.) रेडिएटरची सफाई काही शे रुपयांत, फार तर हजार-दोन हजारांत भागते. हेड उतरवून लेथवर फेसिंग आणि नवं गॅस्केट म्हटलं, की आणखी काही हजार. पण पाणी मिसळलेल्या ऑइलवर गाडी तशीच दामटली, तर बेरिंगमधला ऑइलचा पातळ पडदा तुटतो, धातूवर धातू घासतो, क्रँक ग्राइंडिंगला जातो. मग बिल पाच आकडी होतं आणि मालक आधी चौकशी करतो ती गाडी भंगारात किती किमतीला जाईल याची.