पोळा आणि नंदिविशाल

मुलांनो, पोळ्याच्या आदल्या दिवशीची खांदशेकणी तुम्ही पाहिली आहे का? श्रावणातल्या अमावास्येला पोळा. तोवर आपल्या यवतमाळकडे कपाशी-सोयाबीनची डवरणी बहुतेक आटोपलेली असते. जुवाखाली घासून घासून बैलाचा खांदा कडक झालेला असतो. त्याच खांद्याला संध्याकाळी हळद-तूप चोळतात, शेकतात नि उद्या जेवायला या, असं बैलाला आवतण देतात. दुसऱ्या दिवशीची झूल, बेगड, घुंगरमाळा, आंब्याच्या पानांचं तोरण, सगळं झकासच! पण मला विचाराल तर खरा सण आदल्या संध्याकाळचा. जिथं दुखतं तिथंच हात फिरतो.

उपकार जाणणं म्हणजे कृतज्ञता. वाल्मीकी रामायणात सुग्रीव रामाला दिलेला शब्द विसरतो, तेव्हा लक्ष्मण त्याला बजावतो की, इतर पापांना प्रायश्चित्त आहे, कृतघ्नाला नाही. बौद्धांच्या पाली ग्रंथांत दोन शब्द जोडीनं येतात : कतञ्ञू म्हणजे केलेलं जाणणारा आणि कतवेदी म्हणजे ते वागण्यातून दाखवणारा. अशी माणसं जगात दुर्मिळ, असं भगवान बुद्ध सांगत.

बुद्धांच्या पूर्वजन्मांच्या जातककथांत एक बैलच कृतज्ञ आहे. नंदिविशाल त्याचं नाव. तक्षशिलेच्या एका ब्राह्मणानं त्याला वासरू असल्यापासून पेज पाजून वाढवलं. बैलाच्या मनात आलं, यानं माझ्यासाठी एवढं केलं, आता मी फेड करीन. तो म्हणाला, "सावकाराशी हजाराची पैज लावा. वाळू-दगडांनी भरलेल्या शंभर गाड्या मी एकटा ओढतो."

ब्राह्मणानं पैज लावली. नंदिविशालाला जुंपलं, पराणी उगारली आणि ओरडला, "चल रे लबाडा, ओढ!"

बैल खांबासारखा उभा! हजार गेले.

घरी ब्राह्मण तोंड पाडून बसला. बैलानं विचारलं, "मी कधी तुमचं मडकं फोडलं? कुणाला तुडवलं? मग मला लबाड का म्हणालात? आता दोन हजारांची पैज लावा. मात्र शिवी देऊ नका."

या खेपेला ब्राह्मणानं पाठीवर हात फिरवून गोड हाक मारली. पहिली गाडी उभी होती त्या जागी शंभरावी येऊन थांबली.

आता पुष्कळ गोठ्यांतली जोडी गेली, ट्रॅक्टर आला. तान्ह्या पोळ्याला चाकांचा लाकडी बैल ओढत बोजारा मागायला तुम्ही जाताच. जा, मजा करा! पण ज्यांच्या घरी अजून खरी जोडी आहे त्यांनी पोळ्यानंतर आठ दिवसांनी शेतात जाऊन ऐकावं, बैलाला कोणत्या नावानं हाक मारली जाते ते.