गणपती अठरा दिवस पुढे गेले, तर बजेटचं काय होतं?

लोकलमध्ये हेडफोन लावून ऐकत असाल तर आज एक काम करा, फोनमधलं कॅलेंडर उघडा. २०२५ मध्ये गणपती कधी आले होते? २७ ऑगस्टला. २०२६ मध्ये? १४ सप्टेंबरला. मध्ये अधिक ज्येष्ठ आला, १७ मे ते १५ जून, आणि पुढचे सगळे सण सरकले. आपल्यासाठी फक्त सुट्टी पुढे गेली. पण परळमध्ये माझ्या मामाचं अगरबत्ती, कापूर, वाती असा पूजेचा माल दुकानांना पुरवायचं काम आहे. त्याच्यासाठी प्रश्न असा, की ऑगस्टचे पगार द्यायला खात्यात पैसे असतील का?

हे उगाच नाही म्हणत. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता. आदल्या वर्षी ३१ ऑगस्टला आलेले गणपती १९ सप्टेंबरला गेले. मामाने मात्र जुनी वही उघडली, गेल्या जुलैत जेवढा माल भरला तेवढाच भरला, वर थोडा जास्तच. दुकानदार म्हणाले, अजून वेळ आहे हो, एवढ्यात कशाला? माल गोडाऊनला, पैसे मालात. शेवटी मामीच्या पाटल्या गहाण ठेवून पोरांचे पगार झाले. आणि गंमत बघा, वर्षाअखेर सीएने हिशोब दाखवला तर धंदा चक्क नफ्यात!

नफ्यात असलेल्या माणसाला पाटल्या का गहाण ठेवाव्या लागतात, ते तिमाही मास्टर बजेटमध्ये आधीच दिसतं. नाव भारदस्त आहे, पण करायचं एवढंच, की विक्री, खरेदी, खर्च आणि रोख यांचे अंदाज सुटे न ठेवता एकमेकांना बांधायचे. एक आकडा हलला की बाकीचे आपोआप हलले पाहिजेत. मोबाइलवरच्या साध्या स्प्रेडशीटमध्ये होतं.

जुलै ते सप्टेंबर २०२६ चं शीट मी आणि मामेभावाने बसून केलं. आकडे इथे गोल करून आणि जीएसटी वगळून सांगतोय, पण हिशोब तोच.

सुरुवात विक्रीपासून. गेल्या वर्षी जुलै ३० लाख, ऑगस्ट ५० आणि सप्टेंबर ३०, एकूण ११०. यंदाही एकूण ११०च धरले, पण जुलै २०, ऑगस्ट ४०, सप्टेंबर ५० असे. ऑक्टोबरचे ३०. हे ठरवायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला. मामा "दहा टक्के वाढव आणि मोकळा हो" म्हणत होता, आम्ही एकेका पार्टीला फोन करून विचारत होतो की ऑर्डर कधी देणार. त्यातच कळलं की आगमनाच्या शनिवार-रविवारी टेम्पो परळमधून बाहेरच पडणार नाही, म्हणजे डिलिव्हरी मधल्या वारी. कुठल्या पुस्तकात मिळणार आहे हे?

आता खरेदी. १०० रुपयांचा माल विकला तर मामाला तो ८० ला पडतो. म्हणजे विकल्या मालाची किंमत जुलै १६, ऑगस्ट ३२, सप्टेंबर ४०, ऑक्टोबर २४. मामाचा नियम असा, की महिनाअखेर पुढच्या महिन्याचा निम्मा माल गोडाऊनमध्ये हवा. जुलैच्या सुरुवातीला ८ लाखांचा माल आहे. मग जुलैत लागणार १६, अखेरीस उरला पाहिजे १६, हातात आहेत ८. खरेदी २४ लाखांची. याच रीतीने ऑगस्टची ३६, सप्टेंबरची ३२.

आता खरी मेख. दुकानदार ४० टक्के त्याच महिन्यात देतात, ६० टक्के पुढच्या महिन्यात. मामाला मात्र कारखानदाराला निम्मे पैसे त्याच महिन्यात द्यावे लागतात, निम्मे पुढच्या. जूनची विक्री २० आणि खरेदी १६ धरली, तर जुलैत वसुली २०, मालाचे पैसे २०, आणि भाडं-पगार-टेम्पोचे ३. खात्यात ५ होते, उरले २. ऑगस्टमध्ये वसुली २८, पण देणं ३० आणि ३. म्हणजे खातं उणे ३ लाख! सप्टेंबरमध्ये ४४ येतात, ३७ जातात, आणि गाडी परत रुळावर.

खात्यात किमान २ लाख हवेतच, म्हणून ऑगस्टमध्ये ५ लाखांची सोय लागणार. बँकेच्या सीसी लिमिटमधून, वर्षाला १२ टक्के धरले, तर दोन महिन्यांचं व्याज दहा हजार. हेच आम्हाला जूनमध्ये कळलं. ऑगस्टमध्ये कळलं असतं, तर पुन्हा पाटल्याच.

जुन्या वहीप्रमाणे भरलं असतं तर? जुलैची खरेदी २४ ऐवजी ३६. विक्री मात्र २०च. म्हणजे जुलैतच खातं उणे ४, आणि गोडाऊनमध्ये १२ लाखांचा जादा माल. तोही जुलैत, हिंदमाताला पाणी तुंबतं त्या दिवसांत. अगरबत्ती सादळते, कापूर तर नीट बांधला नाही तर हवेत उडून जातो.

तीन महिन्यांचा नफा काढला तर ११० च्या विक्रीवर २२ सुटले, खर्च ९, राहिले १३ लाख. मग खातं ५ वरून ४ वर का आलं? दुकानदारांकडची उधारी १२ ची ३० झाली, १८ तिथे अडकले. माल ८ चा १२ झाला, ४ तिथे. कारखानदारांचं देणं ८ चं १६ झालं, म्हणजे ८ त्यांनी थांबून दिले. १८ आणि ४, त्यातून ८ गेले, १४ अडकले. १३ कमावले, १४ अडकले, एक लाख कमी. शीट बरोबर आहे की नाही हे तपासायची हीच जागा. इथे जुळलं नाही तर वर कुठेतरी चूक आहे. आमची पहिल्यांदा होतीच, ऑक्टोबरची विक्री टाकायला विसरलो होतो.

दोन तारखा बहुतेक जण विसरतात. १५ सप्टेंबरला आगाऊ आयकराचा दुसरा हप्ता, तोवर वर्षाच्या अंदाजे कराचा ४५ टक्के भरलेला हवा. यंदा तो गणपतीच्या दुसऱ्याच दिवशी. मामासाठी आम्ही एक लाख धरले. बँकेचे ५ लाख आणि व्याज फेडून, हा हप्ता भरून सप्टेंबरअखेर २ लाख ९० हजार उरतात. दुसरी जीएसटीची. दरमहा रिटर्न भरत असाल तर पुढच्या महिन्याची २० तारीख. कर बिलावर लागतो, वसुलीवर नाही. दुकानदाराने पैसे दिले नसले तरी तुम्हाला भरायचाच असतो, म्हणून खऱ्या शीटमध्ये त्याची वेगळी ओळ ठेवा.

मामाला एवढं दाखवल्यावर तो आधी गप्प बसला. मग म्हणाला, "वसुली ४० ची ५० टक्के केली तर?" आम्ही टाकून बघितलं. जुलैत २ लाख वाढले, ऑगस्टमध्ये आणखी २, आणि उणे ३ चं अधिक १ झालं. ५ लाखांच्या जागी एकच लाख लागेल. आता तो जुन्या पार्ट्यांना रोखीवर एक टक्का सूट द्यायची का, यावर मामीशी भांडतोय.

ऑक्टोबरच्या रकान्यात ११ तारखेला घटस्थापना आणि पुढे ८ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन लिहून ठेवलंय. गेल्या वर्षी नवरात्र सप्टेंबरमध्येच सुरू झालं होतं, त्यामुळे तीही विक्री यंदा पुढच्या तिमाहीत जाणार. ते शीट पुढच्या भागात उघडू.