पोथ्या व छापील ग्रंथ यांची प्रकृति कशी पाहावी

पोथी जितकी जुनी तितकी ती जर्जर, आणि छापील ग्रंथ अर्वाचीन म्हणून धडधाकट, अशी संग्राहकांची सामान्य समजूत असते. आम्हीही ती पुष्कळ वर्षें बाळगली होती. परंतु आमच्या लहानशा संग्रहाची पाहणी करतां अनुभव नेमका उलट आला. शके १७०० च्या सुमाराची, हातकागदावरील एक पोथी उलगडली. तिचीं पानें वांकलीं, पण मोडलीं नाहींत. तिच्या शेजारचें, इ. स. १९१० च्या सुमारास छापलेलें पुस्तक मात्र उघडतांच कांठाकांठानें तुटूं लागलें.

ह्याचें कारण वयांत नसून कागदाच्या घडणींत आहे. दौलताबादेजवळील कागजीपुऱ्यासारख्या ठिकाणीं होणारा हातकागद चिंध्या, ताग इत्यादिकांच्या लांब तंतूंचा असे; त्यास खळ देऊन तो घोटीत. इ. स. १८०७ त इलिग नामक जर्मन गृहस्थानें खळीच्या जागीं राळ व तुरटी घालण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढें लांकडाच्या लगद्याची भर पडली. तुरटीमुळें कागदांत आम्लता उत्पन्न होते, व ती तंतूंचे तुकडे करीत राहते. म्हणजे रोग ग्रंथाच्या पोटांतच असतो. थंड, कोरड्या कपाटानें त्याचा वेग कमी होईल, इतकेंच. कागद किती पिचला हें पाहण्यासाठीं पानाचा कोपरा दुमडण्याची रीत ग्रंथालयांत आहे. दुर्मिळ प्रतीवर हा प्रयोग कोणी करूं नये. कांठाचा रंग पुरेसें सांगतो.

पोथींत प्रथम शाई पाहावी. काजळीची शाई फिकटत नाहीं व कागदास अपायही करीत नाहीं. मात्र ती डिंकांत खललेली असल्यानें पाणी लागतांच पसरते. हिराकसाची शाई कागद खाते. पान पाठीमागून पाहतां अक्षरांमागें तपकिरी छाया दिसल्यास तें शक्यतों उलटूं नये. चित्रांतील जंगाली रंगाचेंही असेंच आहे. शोधनाकरितां फांसलेलें हरताळ सोमलयुक्त असतें, म्हणून बोट ओलें करून पान उलटण्याची संवय सोडावी व नंतर हात धुवावे.

भोकें दिसलीं म्हणून घाबरूं नये. पोथी आठ दिवस पांढऱ्या कागदावर ठेवावी. खालीं ताजा भुसा पडल्यास कीड जिवंत आहे, व ती पोथी त्याच दिवशीं वेगळी करावी. वाळवी भिंतींतून येते. कपाट भिंतीपासून वीतभर पुढें असावें.

तीस वर्षांपूर्वीं एका फाटक्या पानास आम्हीं मोठ्या हौसेनें पारदर्शक चिकटपट्टी लावली. पट्टी केव्हांच गळाली. तिचा चिकटा तपकिरी होऊन कागदांत मुरला, आणि त्याखालील दोन ओळी आतां लागत नाहींत. त्यांत लेखकाचें नांव होतें, एवढें आमच्या टांचणांत आहे. नांव मात्र आम्हीं उतरून घेतलें नव्हतें. जोडणें अटळच असेल तर पातळ जपानी कागद व गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरावी, कारण ती पुढें सोडवितां येते. तेंही जाणत्या हातानें. तोंवर फाटकें पान आम्लरहित कागदाच्या घडींत ठेवून पोथी बासनांत बांधावी.