कॉर्टिसॉलचा बारा अक्षरी पत्ता

बदलापूरहून मुंबईकडे जाणारी पहाटेची लोकल पकडायची, तर घरातला दिवा चारलाच लागतो. अंबरनाथ, उल्हासनगरलाही हीच तऱ्हा. पण रोजची वेळ अंगवळणी पडली असेल, तर गजर वाजायच्या बऱ्याच आधी शरीर कामाला लागलेलं असतं. मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या ग्रंथी झोपेच्या शेवटच्या तासांत रक्तातलं कॉर्टिसॉल वाढवत नेतात. जाग आल्यावर साधारण अर्ध्या तासात ते दिवसातल्या सर्वांत वरच्या पातळीला पोचतं.

कॉर्टिसॉल हे स्टेरॉइड हॉर्मोन. ते कोलेस्टेरॉलपासून घडतं, म्हणून पेशीच्या स्निग्ध आवरणातून सहज आत शिरतं. आत ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर हे प्रथिन असतं, ७७७ अमिनो आम्लांची साखळी. कॉर्टिसॉल त्याच्या खोबणीत बसलं की त्याचा आकार बदलतो आणि दोघं मिळून पेशीच्या केंद्रकात जातात.

खरी कमाल पुढेच आहे. केंद्रकात सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए गुंडाळून ठेवलेला असतो, त्यात ए, टी, जी, सी या रासायनिक अक्षरांच्या सुमारे ६०० कोटी जोड्या. एवढ्या पसाऱ्यात रिसेप्टर शोधतो तो बारा अक्षरांचा पत्ता: ए-जी-ए-ए-सी-ए, मग कुठलीही तीन अक्षरं, मग टी-जी-टी-टी-सी-टी. एखाददुसरं अक्षर वेगळं असलं तरी चालतं. डीएनएच्या दोन धाग्यांत ए समोर टी आणि जी समोर सी असतं. म्हणून समोरच्या धाग्यावर उलट दिशेनं वाचलं तरी तीच सहा अक्षरं त्याच क्रमानं येतात! इथे दोन रिसेप्टर एकमेकांना धरून बसतात आणि अर्धा अर्धा पत्ता वाचतात.

वाचतात कशानं? प्रत्येक रिसेप्टरच्या एका छोट्या भागात जस्ताचे दोन अणू असतात. प्रत्येक अणूला सिस्टीन या अमिनो आम्लाचे चार रेणू धरून ठेवतात. त्या आधारानं साखळीचा एक तुकडा ताठ राहतो आणि डीएनएच्या रुंद खाचेत नेमका बसतो. १९९१ मध्ये स्फटिकांच्या अभ्यासातून हे दृश्य अणूंच्या पातळीवर पाहायला मिळालं. त्याआधी, १९८९ मध्ये, त्याहून थक्क करणारी गोष्ट कळली होती. इस्ट्रोजेनचा रिसेप्टर वेगळा पत्ता वाचतो, ए-जी-जी-टी-सी-ए. हा फरक ओळखण्याची क्षमता त्याच्या अवघ्या तीन अमिनो आम्लांवर अवलंबून असते.

रिसेप्टर तिथे ठाण मांडून बसत नाही. जिवंत पेशीत तो काही सेकंद टेकतो, निघतो, दुसरा येतो. तेवढ्या भेटींत तो इतर प्रथिनांना बोलावतो आणि जवळच्या जनुकाचं काम वाढतं किंवा मंदावतं. कुठले पत्ते उघडे आणि कुठले गुंडाळीत दडलेले, हे प्रत्येक पेशीत वेगळं असतं. त्यामुळे तेच हॉर्मोन यकृताला साखर बनवायला लावतं आणि प्रतिकारपेशींनी पेटवलेला दाह शमवतं.

कोविडच्या काळात हे दोन्ही परिणाम महाराष्ट्रानं पाहिले. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड औषध याच रिसेप्टरला धरतं. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत त्यानं व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशानं कमी केले. २०२१ मध्ये मात्र राज्यात म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार फैलावला. त्यामागे मधुमेह आणि स्टेरॉइडनं वाढलेली साखर ही मोठी कारणं होती. फुप्फुसातला दाह शमवणारा आणि रक्तात साखर वाढवणारा रिसेप्टर एकच होता.

हा रिसेप्टर शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत आहे. म्हणून स्टेरॉइडची गोळी किंवा गोरेपणासाठी म्हणून चेहऱ्याला लावलं जाणारं स्टेरॉइडयुक्त मलम डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. आणि बरेच दिवस चाललेली गोळी आपल्या मनानं एकदम बंदही करू नका.