दांपत्याचा चिकित्सक कोण ?

दांत दुखला तर कोणाकडे जावें, हें घरांतील लहान मूलहि सांगतें. दांपत्यजीवनांत कांहीं बिघडलें तर कोणाकडे जावें, हें मात्र सुशिक्षित मनुष्यालाहि पुष्कळदां सुचत नाहीं. हा दोष केवळ संकोचाचा नव्हे. या शास्त्राचा चिकित्सकच वेळोवेळीं बदलत आला आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं युरोपांत हा विषय मुख्यतः वैद्यांच्या हातीं होता. बर्लिनचे इव्हान ब्लॉख त्वचारोगांचे वैद्य, तर व्हिएन्नाचे फ्रॉइड मज्जातंतूंचे. मुंबईंत मात्र १९२१ सालीं संततिनियमनाचें केंद्र उघडलें तें गणिताचे अध्यापक र. धों. कर्वे यांनीं. या कार्यापायीं १९२५ मध्यें त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. तरी १९२७ पासून अखेरपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनीं चालविलें. अमेरिकेंत १९४८ सालीं पुरुषांच्या कामव्यवहारावर गाजलेला ग्रंथ सहकाऱ्यांसह लिहिणारे किन्सी हे मूळचे कीटकांचे अभ्यासक. पुढें स्त्रीरोगतज्ज्ञ मास्टर्स आणि वैद्यकीची पदवी नसलेल्या व्हर्जिनिया जॉन्सन यांनीं पतिपत्नींवर एकत्र उपचार करण्याची पद्धति १९७० सालीं ग्रंथरूपानें मांडली. तिच्यामुळें मानसशास्त्रज्ञांना व समुपदेशकांना या क्षेत्राचें दार अधिक मोकळें झालें.

नंतर १९९८ सालीं सिल्डेनाफिलची गोळी आली आणि पुरुषांच्या दौर्बल्याची तक्रार मूत्ररोगतज्ज्ञ व घरचे डॉक्टर यांच्याकडे वळली. जी गोष्ट कोणी बोलत नसे, ती बोलली जाऊं लागली, हा लाभ लहान नव्हे. परंतु ही गोळी रक्तप्रवाह वाढविते. ती इच्छा निर्माण करीत नाहीं, कीं मनांतील भय घालवीत नाहीं. शिवाय हृदयविकारासाठीं नायट्रेट घेणाऱ्यास ती घातक ठरूं शकते. उलट, जो केवळ मनाचाच विचार करील, त्याच्या नजरेंतून मधुमेह निसटेल. हें दौर्बल्य कित्येकदां हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराची पहिली सूचना असते.

तात्पर्य, प्रत्येक व्यवसायाला या दुःखाची एकेक बाजू दिसली. संपूर्ण दुःख एकट्या कोणालाच दिसलें नाहीं. म्हणून आधीं नोंदणीकृत डॉक्टरांकडून शरीराची तपासणी करून घ्यावी, मग गरजेप्रमाणें मनोविकारतज्ज्ञाचें किंवा समुपदेशकाचें साहाय्य घ्यावें, आणि शक्य तेथें पतिपत्नींनीं बरोबर जावें. भिंतीवरील जाहिरातींतून खात्रीचा गुण देऊं करणाऱ्यास मात्र त्याचें शिक्षण प्रथम विचारावें. त्या प्रश्नाची लाज विचारणाऱ्यानें बाळगण्याचें कारण नाहीं.