सोय कुणाची?

मी कॉलेजात इंग्रजी शिकवते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. माझ्या विद्यार्थिनींमध्ये सर्वांत जास्त हातोहात फिरणारे पुस्तक अभ्यासक्रमातले नसते. ते इंग्लंडच्या जुन्या सरदारघराण्यांतील प्रेमाच्या कादंबरीचे असते. तिचे सूत्र ठरलेले आहे. पैशासाठी किंवा घराण्यासाठी लग्न लागते, दोघे एका छपराखाली परक्यासारखी राहतात, आणि शेवटी त्यांना आपले प्रेम उमगते. अशा कादंबऱ्यांना टाकाऊ म्हणून नाक मुरडणे सोपे आहे. पण त्या वाचणाऱ्या मुलींपुढे लग्न हा उद्याचा प्रश्न आहे. म्हणून हे सूत्र तपासले पाहिजे.

या प्रकारातील एक प्रामाणिक पुस्तक म्हणजे जॉर्जेट हेयरची १९६१ सालची ‘अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट’. काळ १८१४-१५चा. अ‍ॅडम या तरुण सरदाराला वडिलांकडून पदवी मिळते आणि तिच्याबरोबर डोंगराएवढे कर्ज. त्याचे मन ज्युलियावर आहे. पण वाडा वाचवायचा तर पैसा हवा, म्हणून तो चॉली या धनाढ्य व्यापाऱ्याच्या मुलीशी, जेनीशी, लग्न करतो. व्यापाऱ्याला मुलगी सरदारीण झालेली पाहायची आहे. जेनी दिसायला साधी. तिचे अ‍ॅडमवर आधीपासून प्रेम आहे आणि ते ती बोलून दाखवत नाही. ती घर सांभाळते, त्याच्या आवडीनिवडी सांभाळते, मुलाला जन्म देते. शेवटी अ‍ॅडमला तिची किंमत कळते. लेखिकेने त्यावर भडक रंग चढवलेला नाही, हा तिचा मोठेपणा. तरीही मला एक प्रश्न पडतो. अ‍ॅडमला जेनीची किंमत कळलीच नसती, तर ती कुठे गेली असती?

उत्तर कादंबरीत नाही, त्या काळच्या कायद्यात आहे. ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने १७६५ मध्ये ते स्वच्छ मांडले होते : लग्नानंतर नवरा-बायको कायद्यापुढे एकच व्यक्ती, आणि बायकोचे कायदेशीर अस्तित्व नवऱ्याच्या अस्तित्वात विरून जाते. तिची मिळकत त्याची, मुले त्याची. श्रीमंत बाप करारपत्र करून लेकीचा पैसा विश्वस्तांकडे बांधून ठेवू शकत. मजुराच्या लेकीला तेवढाही आडोसा नव्हता. पुन्हा लग्न करता येईल असा घटस्फोट हवा तर पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे. १८५७ पर्यंत असा कायदा आपल्या बाजूने मिळवणाऱ्या स्त्रिया अवघ्या चार.

कॅरोलाइन नॉर्टन ही लेखिका खरोखरच नवऱ्यापासून दुरावली होती. १८३६ मध्ये नवऱ्याने तिची तिन्ही मुले आपल्या ताब्यात ठेवली. लेखणीवर मिळवलेला तिचा पैसाही कायद्याने त्याचाच होता. तिने पत्रके लिहून लढा दिला, म्हणून मुलांच्या ताब्याविषयीचा १८३९चा कायदा झाला. दुरावलेल्या जोडप्याची खरी कथा ही अशी असते. तिच्यात शेवटचे गोड प्रकरण नसते.

आता मुंबईकडे येऊ. इंग्रजांनी आपल्याबरोबर एक दावा इथे आणला : न नांदणाऱ्या जोडीदाराला कोर्टामार्फत नांदायला आणण्याचा. सुतार समाजातील रखमाबाईचे लग्न अकराव्या वर्षी लावले गेले होते. ती नवऱ्याकडे कधीच नांदली नव्हती. १८८४ मध्ये दादाजी भिकाजीने तिच्यावर हा दावा लावला. नांदायला न जाणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची शिक्षा इंग्लंडने त्याच वर्षी आपल्याकडे बंद केली. इथे मात्र ती चालू राहिली. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये रखमाबाईच्या बाजूने निकाल दिला, तो अपिलात टिकला नाही. १८८७ मध्ये हुकूम झाला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. तिने कैद पत्करण्याची तयारी दाखवली. टिळक तिच्या विरोधात उभे राहिले. अखेर १८८८ मध्ये दादाजीला दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे ती डॉक्टर झाली.

आमच्या वस्तीत काडीमोड होता, पाट होता, म्हणून आमच्या बाया मोकळ्या होत्या असे कुणी म्हणेल. माझ्या आजीची बहीण साटेलोट्यात दिलेली. तिचे पटले नाही, पण ती परत आली असती तर तिच्या भावाचा संसार मोडला असता. दाराला कडी नव्हती, पण उंबऱ्यावर भाऊ आडवा होता. पंच बसले ते दोन घरांची सोय पाहायला. तिला कुणी विचारले नाही.

सोय कुणाची, हा प्रश्न बाबासाहेबांनी १९१६ च्या कोलंबियातील निबंधात विचारला होता. जातीबाहेर लग्न न करणे हेच जातीचे मर्म आहे. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या रूढी ती भिंत टिकवण्यासाठी आल्या, असे त्यांनी दाखवले. सरदाराच्या वाड्याचे दार व्यापाऱ्याच्या थैलीने उघडते. जातीचे दार थैलीनेही उघडत नाही, आणि त्याची किंमत बाईच्या देहातून वसूल होते. हिंदू कोड बिल रखडले तेव्हा बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोटाचा हक्क दिला. पण त्याच कायद्याच्या कलम ९ मध्ये नांदायला आणण्याचा तो जुना दावा अजून आहे, आणि हा कायदा आपल्या बौद्ध समाजालाही लागू आहे. इंग्लंडने मात्र १९७० च्या कायद्याने तो दावाच मोडीत काढला.

या कादंबऱ्या वाचू नका, असे मी मुलींना सांगत नाही. वाचताना एवढेच विचारा, म्हणते : हिला निघून जाता आले असते का? जिला जाता येते आणि तरीही जी राहते, तिच्या राहण्याला प्रेम म्हणता येईल. जिला जाताच येत नाही, तिच्या राहण्याला काय म्हणायचे, ते ज्याचे त्याने ठरवावे.