अंगणातला शोषखड्डा

नांदेड जिल्ह्याच्या हिमायतनगर तालुक्यातलं टेंभुर्णी पाहायला बाहेरगावचे सरपंच आणि ग्रामसेवक मुद्दाम येतात. गल्लीत उघडी नाली नाही, एवढंच तिथं पाहायचं. भांड्यांचं, अंघोळीचं, धुण्याचं पाणी ज्याच्या त्याच्या अंगणातल्या शोषखड्ड्यात जिरतं. पुढे जिल्हा परिषदेने रोजगार हमीतून हेच खड्डे गावोगाव खोदले आणि ‘नांदेड पॅटर्न’ राज्यभर पोचला. लोक त्याला मॅजिक पिट म्हणतात. जादू कसली, चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा.

शोषखड्डे पूर्वीही होते. दगड-विटांचे तुकडे भरायचे आणि मोरीचं पाणी सोडायचं. वर्ष-दोन वर्षांत दगडांच्या फटी खरकट्याने, केसांनी, साबणाच्या चिकट्याने बुजायच्या, पाणी वर यायचं आणि खड्ड्याचं डबकं व्हायचं. नांदेडच्या खड्ड्यात मधोमध सिमेंटची एक टाकी बसवतात. तिला भोकं असतात ती वरच्या भागात. मोरीचा पाइप टाकीत उतरतो, जड गाळ तळाशी बसतो, निवळ पाणी भोकांतून भोवतालच्या दगडांत जातं. दगडांवर पोतं किंवा प्लास्टिक अंथरून माती लोटतात, नाहीतर पहिल्याच पावसात माती फटींत उतरते. टाकीवर झाकण. झालं यंत्र तयार. मोटर नाही, वीज नाही, महिन्याचं बिल नाही.

सफाईचं खरं काम दगडांवर चालतं. ओल्या दगडांवर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो आणि पाण्यातली घाण हा थर खातो. उरलंसुरलं माती गाळते. खड्डा भरवशाचा होतो तो मुरमापर्यंत गेला तर. मराठवाड्याची काळी माती पाण्याने फुगते आणि मग पाणी पीत नाही. चार फुटांचा हिशेब कागदावर धरून काळ्या मातीतच थांबलेला खड्डा पहिल्या पावसाळ्यात तोंडघशी पडतो. उलट जिथे पावसाळ्यात भूजल हाताशी येतं किंवा विहीर खेटून आहे, तिथे हा खड्डा घेऊच नये. संडासाचं पाणीही त्यात सोडायचं नाही. त्यासाठी दोन शोषखड्ड्यांचा संडास वेगळा असतो.

आता हा प्रश्न वाढणार आहे. जलजीवन मिशनने माणशी रोज 55 लिटर पाणी धरलं आहे. पाच जणांच्या घरात 275 लिटर आलं, तर त्यातलं दोनशेच्या वर मोरीतून बाहेर पडतं. नळ आला म्हणून पेढे वाटले जातात, सांडपाण्याचं मात्र कुणी बोलत नाही. ग्रामपंचायतीला सिमेंटची गटार आवडते. ती दिसते, तिचं उद्घाटन करता येतं. पण गटार पाणी साफ करत नाही. ती ते शेवटच्या घरापुढे, बहुतेक वेळा ओढ्याकाठच्या वस्तीपुढे, नेऊन सोडते. घाण सोसायची कुणी, हे अशा रीतीने उताराने ठरतं.

अंगणातल्या खड्ड्यात ही पळवाट नाही, म्हणून तो मला न्याय्य वाटतो. आणि त्याचं दुखणंही तिथेच आहे. टाकीतला गाळ घरच्यांनीच काढायचा. झाकण उघडून बादलीने उपसायचा. तासाभराचं काम, पण घाण वास येतो आणि आज नको उद्या करता करता वर्ष जातं. सरकारी तक्त्यात खोदलेल्या खड्ड्यांचे रकाने असतात. उपसलेल्यांचा रकाना हवा.

डासांचा हिशेबही नीट मांडायला हवा. साचलेल्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स, हत्तीरोग पसरवणारा, नाली गेली की कमी होतो. डेंग्यूचा एडिस स्वच्छ पाणी शोधतो. त्याला रांजण, कुलरची टाकी, छपरावरचं टायर पुरतं. खड्डा झालेल्या घरानेही पाण्याची भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून कोरडी करावी लागतात.